हवाई चाच्यांना शिधा कोण देतं?

गेल्या अंकात अद्भुत कथांमधल्या साचेबंद पात्रांवर एक प्रश्न आला होता. त्याचं उत्तर देताना हवाई चाच्यांबद्दल, म्हणजे उडत्या जहाजांवरून लूटमार करणाऱ्या कप्तानांबद्दल, मी जाता जाता लिहून गेले, ‘हवाई चाच्याच्या कोटाची बटणं काढून पाहा, आत बहुतेक वेळा कुणी नसतं.’ या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी आधीच्या सहा महिन्यांत मिळून आली नव्हती. काही रागाची, काही लाडाची, आणि एका पाकिटात तर नुसतं चित्र: मी फळीवरून ढगात ढकलली जातेय. चित्र छान आहे, टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. हा अंक त्या पत्रांचा.

‘ताई, तुमचं ते वाक्य झोंबलं. चाळिशी उलटली तरी ढगांतून बाहेर येणारं जहाज आणि दोराला लटकून उतरणारा कप्तान दिसला की पुस्तक हातातून सुटत नाही. तुम्हाला त्यात नेमकं काय खुपतं? आणि ही मंडळी आली तरी कुठून?’

खुपतं ते आधी सांगते. एका मासिकाच्या कथास्पर्धेसाठी मी बावीस वर्षं कथा वाचत आले आहे. हवाई चाच्याची कथा आहे एवढं कळलं की पुढचं पान न उलटता मी कप्तानाचं वर्णन करू शकते. गॉगल कपाळावर, डोळ्यांवर कधीच नाही. एक हात पितळी यंत्राचा. कोट घोट्यापर्यंत, वारा असो नसो फडफडणारा. पूर्वी हा सैन्यात होता आणि अन्यायाने हाकलला गेला. जहाजावर एक लठ्ठ आचारी, एक अबोल इंजिनिअर आणि पिंपात लपून आलेलं एक अनाथ पोर. इथवर माझी काही तक्रार नाही, साचा असतो म्हणूनच तर पात्र चटकन ओळखू येतं. तक्रार पुढे आहे. हा माणूस चाचा म्हणवतो आणि साठ पानांत कुणाला लुटत नाही. लुटलंच तर तो माल कुठे विकला, कुणी घेतला, कितीला घेतला, याचा पत्ता नाही. बावीस वर्षांत चोरीच्या मालाचा खरेदीदार दाखवणाऱ्या कथा मला एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या मिळाल्या.

आता आले कुठून. कोट समुद्रावरून आला, हे उघड आहे. कोटाच्या आतला माणूस मात्र दर्यावर्दी नव्हता, तो रागावलेला शास्त्रज्ञ होता. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्नचा रोबर १८८६ मधला. त्याच्या ‘अल्बाट्रॉस’ जहाजावर ३७ उभे खांब आणि त्यांवर ७४ पंखे, आणि सगळं जहाज बांधलेलं कशाचं, तर दाबून कडक केलेल्या कागदाचं! फुग्यावर श्रद्धा असलेल्या मंडळींना तो पळवून नेतो आणि जगभर फिरवतो, ते केवळ आपलं म्हणणं खरं करून दाखवायला. लुटीत त्याला रस नाही. १८९३ मध्ये इंग्लंडात दोन कादंबऱ्या आल्या. त्यांत हवाई जहाजं क्रांतिकारकांच्या आणि अराजकवाद्यांच्या हाती आहेत, आणि एकीत तर लंडनवर वरून बाँब पडतात. तेही लुटारू नव्हेत. लुटारू आला तो जर्मनीत, १९०८ ते १९११ या काळात निघालेल्या स्वस्त पुस्तिकांमधून: कॅप्टन मोर्स, तोंडावर मुखवटा, १६५ अंक. मालिकेच्या नावातच ‘हवाई चाचा’ होता.

या सालांकडे जरा नीट पाहा. पहिलं झेपेलिन, म्हणजे वायूवर तरंगणारं जर्मन हवाई जहाज, उडालं १९०० मध्ये, राइट बंधूंचं विमान १९०३ मध्ये. मोर्सच्या पुस्तिका विकल्या जात होत्या तेव्हा माणसं खरोखरच माना वर करून बघत होती आणि डोक्यावरची हवा कुणाच्या मालकीची हे अजून ठरायचं होतं. ते ठरलं १९१९ च्या पॅरिस करारात: देशाच्या जमिनीवरचं आकाशही त्या देशाचं. आकाशाला कुंपण पडलं, आणि माझ्या मते तेव्हापासून या पात्राला आपल्या जगात राहायला जागाच उरली नाही. मग ते तरंगत्या बेटांवर आणि न घडलेल्या इतिहासात जाऊन राहिलं. मंगळावरची शाखा तेवढी आधीच उघडली होती, अमेरिकी लेखक एडगर राइस बरोजचे काळे चाचे तिथे १९१३ पासून आहेत.

‘मी नववीत आहे. जगातला पहिला हवाई चाचा कोण? आमच्यात पैज लागली आहे. मैत्रीण म्हणते रावण.’

मैत्रिणीला अर्धे गुण दे. रावणाने कुबेराला हरवून पुष्पक घेतलं, म्हणजे विमानच लुटलं. पण चाचा विमानातून लुटतो, आणि रावणाने पुष्पकाचा धंदा केल्याचं कुठे लिहिलेलं नाही. युद्धानंतर रामाने ते मूळ मालकाकडे परतही पाठवलं.

तुझ्या बाजूने बोलायचं तर महाभारतातला शाल्व घे. द्यूताच्या वेळी कृष्ण हस्तिनापुरात का नव्हता, हे तो वनपर्वात पांडवांना सांगतो: शिशुपालाचा सूड घ्यायला शाल्व ‘सौभ’ नावाचं उडतं नगर घेऊन द्वारकेवर चालून आला होता. सौभ कधी आकाशात दिसे, कधी जमिनीवर, कधी डोंगराच्या माथ्यावर, कधी पाण्यात. कृष्णाच्या सैनिकांचे बाण पोचत नाहीत, कारण ते कोसभर उंच लटकलेलं. मला त्याहून आवडतो तो द्वारकेच्या बंदोबस्ताचा तपशील: पूल तोडले, नावा बंद केल्या, दारूवर बंदी आली, नट-नर्तकांना शहराबाहेर पाठवलं, आणि मुद्रा दाखवल्याशिवाय कुणी आत येईना की बाहेर जाईना. वरून येणाऱ्या शत्रूची धास्ती खाली कशी दिसते हे आजचे लेखक या दोन-चार ओळींतून शिकू शकतात. पण शाल्व सुडासाठी आला होता. तो राजा होता, चाचा नव्हे.

माझं उत्तर वेगळंच आहे, आणि त्यात कुणाचं नावसुद्धा नाही. फ्रान्समधल्या लिओं शहरात नवव्या शतकाच्या सुरुवातीला अ‍ॅगोबार्ड नावाचे धर्मगुरू होते. गारा आणि मेघगर्जना यांबद्दल लोकांच्या मनात काय काय भरलंय, यावर वैतागून त्यांनी लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली, साधारण ८१५ च्या आसपास. लोकांची समजूत अशी: ‘मॅगोनिया’ नावाचा एक देश आहे, तिथून ढगांतून जहाजं येतात. गारपिटीने झोडपलेलं पीक ती जहाजं भरून नेतात. आणि गारपीट काही आपोआप होत नाही. खाली वादळ उठवणारे मांत्रिक असतात, ते वादळ आणतात, आडवं झालेलं धान्य वरच्या खलाशांना देतात आणि त्यांच्याकडून मोबदला घेतात!

बघ, बाराशे वर्षांपूर्वी अडाणी म्हणवल्या गेलेल्या शेतकऱ्यांनी माझ्या स्पर्धेतल्या लेखकांना न सुचलेली गोष्ट जुळवली होती. माल काय, तर धान्य. लूट कशी, तर वादळाने. खालचा दलाल कोण, तर मांत्रिक. त्याचा वाटा काय, तोही ठरलेला. शिवाय आणखी एक जमात होती, ‘आम्ही वादळ अडवतो’ म्हणणारी. तिला लोक दरवर्षी पिकातला हिस्सा देत. त्याला खंडणी म्हण किंवा विमा म्हण. अ‍ॅगोबार्ड चिडून लिहितात की हेच लोक चर्चचा दशांश द्यायला मात्र कुरकुरतात.

आणि मग तो प्रसंग. एक दिवस जमावाने चार माणसं बेड्या घालून आणली, तीन पुरुष आणि एक बाई. ही त्या जहाजांतून खाली पडलेली आहेत, म्हणाले. काही दिवस त्यांना कोंडून ठेवलं होतं, आता दगडांनी ठेचायचं होतं. अ‍ॅगोबार्ड यांनी पुष्कळ वाद घातला आणि त्या चौघांना सोडवलं. ते चौघं कोण होते, कुठून कुठे चालले होते, याबद्दल पुस्तिकेत अक्षर नाही. परक्या गावातून जाणारी माणसं असतील. नववीत आहेस म्हणून सांगते, कधी गोष्ट लिहिलीस तर जहाजावरून लिहू नकोस, त्या बाईच्या बाजूने लिही. गुडघाभर चिखल, हातात बेडी, आणि समोर शंभर माणसं विचारताहेत, तुझं जहाज कुठे आहे?

पैजेचं काय ते तुम्ही दोघी बघा.

‘माझ्या कादंबरीतलं जहाज लाकडी आहे, वर मोठा फुगा, दोन्ही अंगांना मिळून वीस तोफा. फुगा किती मोठा दाखवू? वाचक हिशेब करतात का?’

सगळे करत नाहीत. जो करतो तो पत्र लिहितो, आणि ते पत्र माझ्याकडे येतं.

हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हायड्रोजन साधारण १.१ किलो वजन उचलतो, हेलियम त्याहून थोडं कमी. शिडाच्या जहाजांवरची मध्यम तोफ, तिच्या लाकडी गाड्यासकट, दीड-दोन टनांची धरा. वीस तोफा म्हणजे ३५ टन. एवढ्यालाच ३२ हजार घनमीटर वायू हवा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बत्तीस-बत्तीस मीटर असलेली पेटी डोळ्यांसमोर आणा, दहा मजली इमारतीएवढी. ती फक्त तोफांची. गोळे, दारू, लाकडी सांगाडा, माणसं, पाणी आणि तुमचा लठ्ठ आचारी अजून खालीच उभे आहेत. ‘हिंडेनबर्ग’ हे जर्मन हवाई जहाज २४५ मीटर लांब होतं, पोटात सुमारे दोन लाख घनमीटर हायड्रोजन. वजनाची चिंता एवढी की दिवाणखान्यातला पियानोसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचा करून घेतला होता. आणि ज्या वायूने ते तरंगत होतं त्यानेच १९३७ मध्ये त्याची राख केली. तुमच्या जहाजावर त्याच वायूच्या पोटाखाली वीस तोफा धडाडताहेत. तोफा काढा असं मी म्हणत नाही, निदान कुणीतरी घाबरलेलं दाखवा.

पण फुग्याचा आकार ही खरी गंमत नव्हे. गंमत लुटीच्या क्षणी आहे, आणि ती मी आजवर एकाही कथेत वाचलेली नाही. दोन हवाई जहाजं शेजारी शेजारी तरंगताहेत, आकड्यांनी जखडलेली, मध्ये फळी. दोन टन चांदी या जहाजातून त्या जहाजात जातेय. पहिल्या पेटीबरोबर चाच्यांचं जहाज हातभर बसतं आणि लुटलं जाणारं हातभर उठतं. दहाव्या पेटीपर्यंत फळी घसरगुंडीसारखी तिरपी झालेली असते, दोर ताणून करकरायला लागतात. चाच्यांना माल चढेल त्या प्रमाणात पाणी सोडावं लागणार. हवाई जहाजं तोल राखायला टाक्यांत पाणी नेतात ते याचसाठी. आणि लुटल्या जाणाऱ्या जहाजाच्या कप्तानाला वायू सोडावा लागणार, नाहीतर ते भलत्याच उंचीला जाईल. म्हणजे लूट नीट व्हायची तर लुटणारा आणि लुटला जाणारा यांना एकमेकांशी बोलत, आकडे सांगत, सहकार्य करावं लागतं. ‘अजून दोनशे किलो येतंय, सोडा!’ ‘सोडलं!’ बंदूक रोखलेली आहे आणि तोंडाने मापं चाललीत. लिहा हा प्रसंग, मी पोस्टाने पेढे पाठवीन.

आणखी एक. पाणी संपलं की संपलं, सोडलेला वायूही परत मिळत नाही. इंधन जळेल तसं जहाज हलकं होतं, हाही कटकटीचा भाग. ‘ग्राफ झेपेलिन’च्या इंजिनांना त्यासाठी हवेएवढ्याच वजनाचा वायू जाळायला दिलेला असे, म्हणजे जळला तरी तोल ढळत नसे. अमेरिकेच्या ‘अ‍ॅक्रन’वर इंजिनांच्या धुरातलं पाणी थंड करून परत टाक्यांत घेत. तुमच्या अबोल इंजिनिअरला एवढी कामं आहेत, तो बोलत का नाही हे आत्ता कळलं.

आकाशयान वायूवर तरंगायलाच हवं असंही नाही. बरोजच्या मंगळावर ‘आठवा किरण’ टाक्यांत भरून ठेवतात. एका इंग्रजी बालकादंबरीमालिकेत जहाजं हलक्या दगडांवर तरंगतात, दगड गार झाला की वर, तापला की खाली. तिथे जहाजावरचा सगळ्यात महत्त्वाचा माणूस कप्तान नव्हे, दगड सांभाळणारा आहे. नियम कुठलाही करा, पण मग त्याच्याशी इमान राखा.

आणि हो, जहाजाच्या पोटातून लहान विमानं सोडण्याची तुमची भीत भीत विचारलेली कल्पना बिनधास्त वापरा. अमेरिकी नौदलाच्या ‘अ‍ॅक्रन’ आणि ‘मेकन’ या हवाई जहाजांनी १९३० च्या दशकात तेच केलं. वरून एक आडवा दांडा खाली सोडायचा आणि विमानाने डोक्यावरच्या आकड्याने उडता उडता त्याला लटकायचं. दोन्ही जहाजं पुढे वादळी हवेत गेली, १९३३ आणि १९३५ मध्ये. ‘अ‍ॅक्रन’बरोबर ७३ माणसं गेली. तोफेने नाही, वाऱ्याने. तुमच्या कादंबरीत हवामान कुठे दिसलं नाही म्हणून सांगितलं.

‘विमान पळवणाऱ्याला हवाई चाचा म्हणता येईल का? मी कायद्याचा विद्यार्थी आहे.’

तुम्हाला माझ्याहून जास्त कळतं, तरी विचारलंत म्हणून. समुद्र कायद्याच्या १९८२ च्या आंतरराष्ट्रीय कराराचं १०१ वं कलम काढा. चाचेगिरीच्या व्याख्येत खासगी जहाजाबरोबर खासगी विमानही आहे. म्हणजे आमची पात्रं कागदोपत्री खरी आहेत! पण सर्वसाधारणपणे हल्ला एका यानातून दुसऱ्या यानावर व्हायला लागतो. आत तिकीट काढून बसलेला उठून पिस्तूल काढतो, तो या व्याख्येत बसत नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत दोन लाख डॉलर घेऊन बोइंग ७२७ च्या मागच्या जिन्यातून पॅराशूटने उडी मारणारा आणि पुन्हा कधीच न सापडलेला तो गृहस्थसुद्धा नाही. त्याच्यावर कादंबरी लिहायला कुणाची ना नाही, पण जहाज आणायचं कुठून?

चाच्यांच्या गोष्टींच्या सर्वांत जवळ जाणारी खरी घटना मला माहीत आहे ती युद्धातली. एप्रिल १९१७, उत्तर समुद्र. एल-२३ या जर्मन झेपेलिनने ‘रॉयल’ हे नॉर्वेचं शिडाचं जहाज अडवलं, स्वतः पाण्यापर्यंत खाली आलं, आपली माणसं त्यावर चढवली आणि जहाज जर्मनीला नेलं. सरकारी गणवेशातले लोक, म्हणून ही चाचेगिरी नव्हे. शिडाच्या जहाजावरच्या खलाशाला हा फरक किती जाणवला असेल, देव जाणे.

‘माझ्या मुलीला मियाझाकींच्या “लापुता”मधली डोला आजी फार आवडते. पण चाचे अर्ध्यावर येऊन चांगले का होतात? मग ते चाचे कसले?’

अर्ध्यावर चांगले होणं हा या पात्राचा जुना आजार आहे. लेखकाला चाच्याचं रूप हवं असतं, पण पाप नको असतं. मग तो चाच्याहून वाईट कुणीतरी आणतो, बहुधा सैन्य किंवा सरकार, आणि तुलनेत चाचा साधू ठरतो. २००० च्या एका व्हिडिओ गेममध्ये तर नायकाच्या टोळीचा नियमच आहे की फक्त शस्त्रधारी जहाजं लुटायची. ‘स्टारडस्ट’च्या २००७ च्या चित्रपटातला कप्तान वीज पकडून विकतो, म्हणजे कुणाचं काही गेलंच नाही.

डोलाची गोष्ट वेगळी. १९८६ चा जपानी अ‍ॅनिमेशनपट आहे, मी तीनदा पाहिलाय. ती चांगली होत नाही हो, ती पहिल्यापासून शेवटपर्यंत खजिन्यामागेच आहे. फक्त तिला पोरंही दिसतात. ती शीता या मुलीला जहाजावर घेते आणि लगेच कुठे धाडते, तर स्वयंपाकघरात. ते स्वयंपाकघर आठवा: भांड्यांचा डोंगर, कशावर काय सांडलंय कळत नाही. ती मुलगी बाह्या सरसावते, आणि मग एकेक आडदांड चाचा काहीतरी निमित्त काढून मदतीला दारात येतो. तिच्या सोबतच्या पाझू या मुलाला इंजिनाकडे लावतात, म्हाताऱ्या मेकॅनिकच्या हाताखाली. या जहाजावर जेवायला बसणारी माणसं आहेत, म्हणजे कुणीतरी शिजवायला हवं, हे त्या दिग्दर्शकाला ठाऊक आहे. म्हणून डोलाचा कोट उघडलात तर आत डोला सापडते. त्यांच्याच ‘पोर्को रोस्सो’मधले चाचे शाळकरी मुलींना ओलीस धरतात आणि मग त्या मुली विमानभर अशा हुंदडतात की दया चाच्यांची येते.

तुमच्या मुलीला विचारा, डोला आवडते ती चांगली आहे म्हणून, की भूक लागल्यासारखी जेवते म्हणून? मला उत्तर कळवा.

‘तुम्ही स्वतः कधी हवाई चाच्यांवर लिहिलंत का? की नुसत्याच लाल रेघा?’

हे पत्र निनावी आलं, पण अक्षर ओळखीचं वाटतं. असो.

लिहिलं होतं. तेविसाव्या वर्षी. कप्तानाच्या कपाळावर गॉगल होता, कोट घोट्यापर्यंत होता, जहाजाचं नाव ‘गरुड’. नांगर ढगात टाकला होता. त्यावर मला अजून पहाटे जाग येते. कथा एका मासिकाकडे पाठवली, दोन महिन्यांनी परत आली. संपादकांनी पत्र लिहिलं नव्हतं, फक्त चौथ्या पानाच्या समासात तांबड्या पेन्सिलीने एक ओळ: ‘यांना शिधा कोण देतं?’

मी भयंकर चिडले. लढाई आहे, प्रेम आहे, विश्वासघात आहे, आणि हा माणूस शिधा विचारतो! कथा ट्रंकेत गेली. पण प्रश्न काही ट्रंकेत जाईना. बत्तीस माणसं वर्षभर आकाशात. रोजचं पीठ किती? पाणी कुठून? फुगा फाटला तर ठिगळाला कापड? पुढे कधीतरी वाचलं की झेपेलिनच्या वायूच्या पिशव्यांना आतून गुरांच्या आतड्याचा पातळ पापुद्रा लावत, आणि एका मोठ्या जहाजाला लाखांवारी गुरांचा पापुद्रा लागे. माझं ‘गरुड’ उडवायला खाली केवढे कळप, केवढे कसाई, केवढे चिकटवणारे हात हवे होते! मी तर त्याला डोंगर, झेंडा आणि चंद्र एवढ्यावर उडवलं होतं.

मग कथा पुन्हा लिहिली. कप्तान दीड पानात आटोपला. कथा आता डोंगराच्या माथ्यावर राहणाऱ्या एका विधवेची झाली. तिच्या घराच्या धुराड्याला जहाजाचा दोर बांधतात. ती त्यांना पीठ, दिव्याचं तेल, दोरा आणि खालच्या बातम्या विकते, आणि चोरीचा माल निम्म्या भावात घेते. तिच्याकडे उधारीची वही आहे. कप्तान तिचं तीन हंगामांचं देणं लागतो, म्हणून तो येतो तेव्हा टोपी काढून येतो. सरकारचे शिपाई चाच्यांचा पत्ता विचारत तिच्या दारात उभे राहतात, आणि ती मनात बेरीज करते: पकडून दिले तर बक्षीस किती, आणि वहीतलं येणं बुडेल ते किती. कथा तिथे थांबते. ती दुसऱ्याच मासिकात छापून आली. ‘गरुड’ कुणाच्या लक्षात नाही, पण ‘त्या वहीवाल्या बाईचं पुढे काय झालं’ असं अजून दोघा-तिघांनी विचारलंय.

पहिल्या संपादकांना अंक पाठवला होता. पोच आली नाही.

‘मी दहा वर्षांचा आहे. तुम्ही आकाशातल्या जहाजावर असता तर कोण झाला असता? कप्तान नाही सांगायचं.’

कप्तान मला कुणी करणारच नाही, मला जिना चढताना गरगरतं. मी दाराशी तराजू घेऊन बसेन. येणारी प्रत्येक पेटी, प्रत्येक पोतं आणि प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे. वजन वहीत लिहायचं, तेवढं पाणी सोडायला ओरडायचं. कप्तान तावातावाने उडी मारून आला तरी त्याला सांगायचं, ‘साहेब, आधी इथे उभे राहा. आणि तो कोट काढा, ओला असला की चार किलो भरतो.’